तिटकारा कशाचा?

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका ४३ वर्षांच्या आहेत, नोकरी करतात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या घरात राहतात. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या ७६ वर्षांच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं. गावचं घर बंद करून त्यांना मुलाकडे आणलं आणि दहावीतल्या नातीच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. मागच्या आठवड्यात झेरॉक्स काढायची म्हणून लेखिकेने मुलीची विज्ञानाची वही उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : ‘मला आजीचा तिटकारा येतो. खूप.’ लेखिकेने ते नवऱ्याला दाखवलं. ‘जिने हिची शी-शू काढली तिचा हिला द्वेष?’ म्हणून ते भडकले आणि तेव्हापासून मुलीशी बोललेले नाहीत. मुलीला कारणच माहीत नाही. लेखिका विचारतात : शब्दकोशात पाहिलं, तर तिटकारा म्हणजे घृणा, तिरस्कार, द्वेष असं दिलंय. आमच्या घरात हा द्वेष आला कुठून? ते पान फाडायला लावून तिला आजीची माफी मागायला लावू का?

ताई,

तुमच्या मुलीने लिहिलेले शब्द पाचच आहेत. मला, आजीचा, तिटकारा, येतो, खूप. तुम्ही दोघांनी त्यांतला एकच वाचलात आणि वाचता वाचता तोही बदललात. तिने लिहिलं होतं तिटकारा. घरात आठ दिवस शिक्षा चालू आहे ती द्वेषाची.

शब्दकोशाला मी दोष देत नाही. कोशात शब्दापुढे त्याचे शेजारी लिहिलेले असतात. शेजारी एकाच भिंतीला टेकून राहतात, म्हणून काही त्यांचा संसार एक नसतो. हे शब्द मोठ्याने वाक्यात घालून बघा. ‘मला पालीची किळस येते’ हे कानाला पटतं. ‘मी पालीचा द्वेष करते’ म्हटलं की ऐकणारा चमकून बघेल, कारण पालीने असं काय केलं? ‘मला खोटेपणाचा तिटकारा आहे’ हे तर माणसं अभिमानाने सांगतात, मुलाखतीतसुद्धा. ‘मला खोटेपणाची किळस आहे’ असं मात्र कोणी म्हणत नाही. म्हणजे आपल्या कानाला यातला फरक चांगला कळतो. पण शब्द आपल्या घरातल्या माणसाबद्दल आला की कान बंद होतात. तुमचे झाले, माझेही झाले असते.

आता तिचा चौथा शब्द घ्या, ‘येतो’. मला सगळ्यांत महत्त्वाचा तोच वाटतो. मराठीत राग येतो, कंटाळा येतो, वीट येतो, कीव येते, किळस येते. झोप येते आणि ताप येतो, तसंच. बोलणारा तिथे ‘मी’ नसतो, ‘मला’ असतो. ज्याच्याकडे ती गोष्ट चालून आली तो. द्वेष मात्र ‘येत’ नाही. द्वेष आपण ‘करतो’. क्वचित ‘वाटतो’ म्हणतो, पण तो खरा उभा राहतो ‘करणे’वर, आणि तिथे ‘मी’ लागतो. ‘तिटकारा करणे’ असा प्रयोग जुन्या लिखाणात भेटतो, रोजच्या बोलण्यात जवळजवळ नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने व्याकरणाचा विचार करून ‘मला… येतो’ लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. विचार न करता लिहिलं म्हणूनच ते खरं आहे. तिच्यावर काहीतरी येतंय, एवढं तिने नोंदवलं आहे.

आल्यावर ती काय करते, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते तक्रारीच्या सुरात लिहिलंय. ‘रात्री आजीला ठसका लागला की ही उठून मला हाक मारते, पण स्वतः जवळ जात नाही.’ ‘हल्ली ताट घेऊन गॅलरीत जेवते.’ हीच दोन वाक्यं पुन्हा वाचा. द्वेष आणि तिटकारा यांची चाल उलट असते. द्वेष करणारा त्या माणसाच्या मागे लागतो. म्हणून तर आपण ‘पाण्यात पाहणे’ म्हणतो : पाण्यात डोकावलं तरी तोच दिसतो, इतका तो मनात भरलेला. द्वेषाला समोरच्याचं वाईट झालेलं हवं असतं. तिटकारा आलेला माणूस मागे सरकतो, नजर वळवतो, ताट उचलून गॅलरीत जातो. त्याला फक्त अंतर हवं असतं. आजीचा द्वेष करणारी मुलगी रात्री दोन वाजता आजीच्या ठसक्याने उठून आईला हाक मारायला गेली नसती. कूस बदलून झोपली असती.

हे शब्द मी इतके का चाळत बसले आहे, असं तुम्हाला वाटेल. नाव चुकलं की उपाय चुकतो, म्हणून. द्वेषावर संस्कारांचं औषध द्यावंसं वाटतं, समज द्यावीशी वाटते, माफी मागायला लावावीशी वाटते. किळसेवर आणि तिटकाऱ्यावर यातलं काहीच चालत नाही. पॉल रोझिन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किळस या भावनेचा अभ्यास करत. त्यांच्या १९८६च्या एका प्रयोगात फळांच्या रसात पूर्ण निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ बुडवून बाहेर काढलं. अपाय काही नाही, हे लोकांना नीट सांगितलेलं होतं, त्यांना पटलंही होतं. तरी तो रस प्यायची इच्छा गेली ती गेली. पटणं आणि पोटात ढवळणं ही दोन खाती वेगळी आहेत. तुमचे यजमान मुलीला ‘तिने तुझी शी-शू काढली’ म्हणतील तेव्हा ते तिला पटेलच. ती मान खाली घालेल. रात्री आजीच्या तोंडाला वास आला की पोटात पुन्हा ढवळेल, आणि आता त्यावर अपराधी वाटण्याचा एक थर चढेल. तान्ह्या बाळाची शी काढणं आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काढणं, दोन्ही ज्यांनी केलं आहे त्यांना माहीत आहे की ही दोन कामं सारखी नाहीत. बाळ वाढत असतं. आणि आजीने ते काम साठीच्या वयात, स्वतःहून, हौसेने घेतलं होतं. तुमच्या मुलीला विचारून आजीची कॉट तिच्या खोलीत टाकली होती का? पत्रात तसं काही नाही.

तिटकारा किळसेपेक्षा एक पायरी पुढे असतो, हेही मला लपवायचं नाही. किळस वस्तूची येते आणि वस्तू दूर झाली की बहुधा जाते. तीच किळस रोज, त्याच वेळी, पळायला वाट नसताना येत राहिली, की ती वस्तूवरून माणसावर सरकते. आधी थुंकीच्या भांड्याची किळस येते. मग भांडं जवळ ओढणाऱ्या हाताची, मग तो हात ज्यांचा त्यांची. इथे किळस संपून तिटकारा सुरू होतो. तो तसाच मुरला, त्याला बोलायला जागा मिळाली नाही, तर पुढे द्वेषही होऊ शकतो. पतंजलींच्या योगसूत्रांत द्वेषाची व्याख्या दोनच शब्दांची आहे : दुःखानुशयी द्वेषः. दुःखाच्या मागोमाग येऊन राहतो तो द्वेष. म्हणजे द्वेषाच्या आधी एक दुःख असतं. तुमची मुलगी आज त्या आधीच्या जागेवर उभी आहे. म्हणून मला हे पत्र उशिरा आलेलं वाटत नाही, वेळेवर आलेलं वाटतं.

त्याच सूत्राच्या आधीचं सूत्र रागाबद्दल आहे, आणि तिथे राग म्हणजे ओढ, आसक्ती. सुखामागोमाग येतो तो राग. मराठीत येईपर्यंत तो शब्द पार उलटला आणि चिडण्याचा अर्थ घेऊन बसला. अनुराग मात्र प्रेमाचाच राहिला. घृणेचंही तसंच. संस्कृतात घृणा म्हणजे आधी कळवळा, दया. किळसेचा अर्थही तिला तिथेच चिकटला होता. आज आपण घृणा म्हणजे तिरस्कारच धरतो, पण वर्तमानपत्रात ‘निर्घृण हत्या’ वाचतो तेव्हा त्यातली घृणा जुनीच असते : ज्याला दया नाही तो निर्घृण. एकाच शब्दाच्या पोटात कळवळा आणि किळस शेकडो वर्षं शेजारी राहिले. एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या पोटात ते एकत्र राहू शकतात, यावर तुम्ही विश्वास ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

कोशातला तिसरा शब्द, तिरस्कार. यात खाली पाहणं आहे. संस्कृतात तिरस्करिणी म्हणजे पडदा. तिरस्कार म्हणजे मुळात एखाद्याला आड टाकणं, जणू तो तिथे नाहीच असं वागणं. हे वाचून मला तुमच्या मुलीची आठवण झाली नाही. आठ दिवसांच्या अबोल्याची झाली. ती शाळेतून येते, बाबा घरात असतात आणि ती तिथे नाहीच असं वागतात, आणि का ते तिला माहीत नाही. तुमचे यजमान दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. ज्या आईने वाढवलं तिचं शरीर असं होताना बघणं फार कठीण असतं, आणि त्यांच्या संतापात ते दुःख मला दिसतं. पण घरात तिरस्काराच्या सगळ्यांत जवळ आज काही असेल तर तो हा अबोला आहे. तो आजच संपवायला सांगा. कारण नंतर बोलता येईल. आधी नुसतं ‘जेवलीस का’ विचारलं तरी पुरे.

आता एक गोष्ट माझी सांगते. मी एकोणीस वर्षांची असताना माझ्या आत्याला तोंडाचा कर्करोग झाला होता. ती शेवटचे पाच महिने आमच्याकडे होती. जखमेला वास यायचा. मी दाराशी एक खोल श्वास घ्यायचे, आत जायचे, औषध द्यायचे आणि श्वास संपायच्या आत बाहेर यायचे. मला वाटायचं, कोणाला कळत नाही. एका दुपारी आत्याने मला हाताने खूण करून थांबवलं आणि पाटीवर लिहिलं : ‘आत येताना ओवा चावत ये. मी पण चावला असता.’ मी तिथेच रडले. त्या दिवसापासून मी ओवा चावत तिच्याजवळ बसायला लागले. दहा दहा मिनिटं, मग अर्धा तास. वास तोच होता. फक्त तो आता माझं गुपित राहिला नव्हता, आमच्या दोघींमधली एक अडचण झाला होता. तिलाही स्वतःच्या तोंडाचा तिटकारा येत होता, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

तुमच्या सासूबाईंनाही तो येत असेल. पंधरा वर्षांच्या नातीसमोर आपलं डायपर बदललं जातंय, हे त्या बाईला काय वाटत असेल याचा विचार त्या खोलीच्या व्यवस्थेत कोणी केलेला दिसत नाही. बोलणं अडखळलं म्हणजे समजणं अडखळलं असं नसतं. म्हणूनच माफीचा विचार सोडून द्या. आजीला वहीतलं काही माहीत नाही. माफी मागायला लावाल, तर ज्या वाक्याने आजीला काहीच लागलेलं नाही ते तुम्हीच उचलून तिच्या उशाशी नेऊन ठेवाल. आणि पान फाडायला लावाल, तर मुलगी एवढंच शिकेल की या घरात खरं लिहायची जागा वहीतही नाही.

मग काहीच न बोलता सोडून द्यावं का? तोही मार्ग आहे, आणि वही तिची खाजगी म्हणून एरवी मी तोच सुचवला असता. पण बाबांच्या वागण्यातून तिला काहीतरी कळलेलंच आहे. उद्या भांडणात त्यांच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडेल. त्याआधी तुम्ही सांगा. घरात नको, बाहेर चालताना, नाहीतर दोघी स्कूटरवरून येताना. एकमेकींकडे बघावं लागत नाही, ते बरं असतं. ‘मी झेरॉक्ससाठी तुझी वही उघडली आणि शेवटचं पान वाचलं. बाबांनाही दाखवलं. दाखवायला नको होतं.’ इथे थांबा. ‘असं का लिहिलंस’ हे विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर नसतं, फक्त बचाव असतो. विचारायचंच तर ‘कशाचा?’ विचारा.

माझं सगळं म्हणणं त्या एका प्रश्नात आहे, म्हणून तिच्या दुसऱ्या शब्दाकडे येते : ‘आजीचा’. तिटकाऱ्याला मराठीत ‘चा’ लागतो. कशाचा तरी, कोणाचा तरी. तो ‘चा’ अख्ख्या माणसाला लागला की करण्यासारखं काही उरत नाही, कारण आजी काही बदलता येत नाही. ‘आजीच्या तोंडाच्या वासाचा’, ‘रात्रीच्या खाकरण्याचा’, ‘माझ्या टेबलावर ठेवलेल्या युरिनच्या भांड्याचा’, ‘मैत्रिणी घरी येत नाहीत त्याचा’ : असा ‘चा’ पुढे सरकला की प्रत्येकाचं काहीतरी करता येतं. तिला एक-दोन दिवस द्या. ती यादी देईल. कदाचित यादीत तुमच्याबद्दलही काही असेल. ऐकून घ्या.

त्याआधी तुमची यादी तिला द्या. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘असा शब्द माझ्या मनातही येत नाही.’ आणि दोन परिच्छेद आधी लिहिलंय, ‘डायपर बदलताना ओढणी नाकाला बांधते.’ ताई, चौदा महिने नोकरी सांभाळून तुम्ही हे करत आहात. तुम्हाला तिटकारा आला नसेल तर नवल आहे, आणि आला असेल तर त्याने तुमची सेवा खोटी ठरत नाही. ‘मलाही येतो गं, संध्याकाळी जास्त,’ एवढं मुलीला सांगता आलं तर तिला पुष्कळ हलकं वाटेल.

यादीतल्या काही गोष्टींचा मला अंदाज आहे, म्हणून त्यांच्याबद्दल आत्ताच लिहिते. तोंडाचा वास : अर्धांगवायूत लुळ्या बाजूच्या गालात अन्नाचे कण अडकून राहतात आणि रुग्णाला ते कळत नाही. प्रत्येक जेवणानंतर ओल्या गॉजने किंवा मऊ ब्रशने ती बाजू पुसून घ्या, कवळी असेल तर काढून धुवा आणि रात्री बाहेर ठेवा. वास तर कमी होईलच, शिवाय तोंडातले जंतू फुप्फुसात उतरून होणाऱ्या न्यूमोनियाचा धोकाही कमी होईल. ठसका : जेवताना किंवा पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर गिळण्यात अडचण आहे, घास श्वासनलिकेकडे जातोय असं समजा आणि लवकर डॉक्टरांना सांगा. गिळण्याचे व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट असतात, बोलण्यासाठीही त्यांचाच उपयोग होतो. तोवर त्यांना पूर्ण ताठ बसवून भरवा, लहान घास, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. अंगाचा वास : दर दोन तासांनी कूस बदलली जाते का, पाठीला कुठे लाल चट्टा किंवा जखम आहे का, ते बघा. ज्याचा मुलीला तिटकारा येतो त्यातलं निम्मं, कोणीतरी पूर्वीच लक्ष द्यायला हवं होतं असं दुखणं निघण्याची शक्यता आहे. ती नाक मुरडते आणि आपण तिला गप्प करतो, पण ते नाक काही सांगत असतं.

खोलीचं म्हणाल, तर दहावीचं वर्ष आहे. तिचं टेबल आणि गादी बाहेरच्या खोलीत हलवा. टीव्ही संध्याकाळी बंद राहील, राहू दे. जागा अगदीच नसेल तर जवळची अभ्यासिका बघा. कॉटभोवती पडदा लावा, पण तो डायपर बदलताना आणि अंग पुसताना ओढायचा, आजीच्या लाजेसाठी. दिवसभर ओढून ठेवलात, तर मघाशी सांगितला तो तिरस्करिणीचा अर्थ खरा होईल.

यजमानांना एक विनंती करा. आठवड्यातल्या तीन रात्री आणि रविवारची सकाळ आईचं सगळं त्यांनी करायचं. सगळं म्हणजे डायपर, तोंड पुसणं, अंग पुसणं. पत्रावरून ते ऑफिसातून आल्यावर आईजवळ बसतात, बोलतात, हात चेपतात. ते मोलाचं आहे. पण त्या वाक्याचा न्याय करायचा तर ज्या अंतरावरून मुलीने ते लिहिलं त्या अंतरावर काही रात्री काढायला हव्यात. आईला संकोच वाटेल ही अडचण खरी आहे. मग त्या वेळी तरी तासाभराची आया ठेवा, जे जमेल ते. मुलीकडे मात्र शरीराचं कुठलंही काम नको. तिच्याकडे आजीचा एक चांगला तुकडा राहू द्या : वर्तमानपत्र वाचून दाखवणं, डाव्या हाताने पत्ते खेळणं, गावच्या वाड्याचे फोटो दाखवणं. पंधरा मिनिटं, तिला हवी तेव्हा, ओवा चावत चालेल.

काळजी कधी करायची, तेही सांगते. ‘येतो’चा ‘आहे’ झाला, म्हणजे वास नसताना, आजी झोपलेली असतानाही तोच भाव राहिला तर. हात ओढणं, चिमटे, पाणी मागितलं तरी न देणं, नक्कल करणं असं काही दिसलं तर. किंवा उलट बाजूने, मुलगीच जेवण टाकू लागली, सारखी हात धुऊ लागली, झोप उडाली, स्वतःचाच तिटकारा करू लागली तर. अशा वेळी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता. आणि ‘आजी एकदाची सुटावी’ असं ती म्हणाली, किंवा तुमच्या मनात आलं, तर घाबरून जाऊ नका. लांबलेल्या आजारपणात सेवा करणाऱ्या पुष्कळांच्या मनात ते येतं आणि त्यात प्रेमही असतं.

इथे मला इतर वाचकांशी थोडं बोलायचं आहे, कारण ‘कशाचा?’ हा प्रश्न नेहमी शब्द सौम्य करण्यासाठी नसतो. मूल एखाद्या काकांचा, शेजाऱ्याचा, शिकवणीच्या सरांचा तिटकारा येतो म्हणालं, त्यांच्याकडे जायला नको म्हणालं, तर ‘मोठ्यांबद्दल असं बोलू नये’ हे वाक्य गिळा. शांतपणे विचारा, ‘ते काय करतात तेव्हा येतो?’ मुलांना जे घडलं त्याला नाव देता येत नाही, तेव्हा ती कधी कधी हाच शब्द वापरतात. उत्तरात स्पर्श असेल, गुपित असेल, तर मुलाला त्या माणसापासून तत्काळ दूर करा आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन लावा. नवऱ्याचा स्पर्श नको वाटतो असं सांगणाऱ्या बायकांनाही आपण फार लवकर ‘सवय होईल’ म्हणतो. तिथेही आधी विचारावं, कशाचा. कधी तंबाखूच्या वासाचा असतो आणि बोलून सुटतो. कधी तो जबरदस्तीचा असतो, आणि तो सोसायचा नसतो.

ताई, पाचवा शब्द राहिला. ‘खूप.’ तो तिने पूर्णविरामानंतर, वेगळा लिहिला आहे. वाक्य संपलं होतं, मग ती थांबली, आणि परत पेन टेकवलं. त्या थांबण्यात तिला कोणीतरी हवं होतं असं मला वाटत राहिलं. वही जिथून घेतली तिथे ठेवून द्या, पानासकट. विज्ञानाच्या झेरॉक्स राहिल्या असतील त्या काढून आणा, आणि त्या द्यायच्या निमित्ताने तिला घेऊन खाली एक चक्कर मारून या.